वेल्सची थडगी : दगडाची साक्ष आणि गावाची आठवण

आजचा विषय जरा लांबच्या मुलखातला आहे. वेल्स. ब्रिटनच्या बेटावर पश्चिमेला, इंग्लंडला लागून असलेला हा डोंगराळ देश. क्षेत्रफळ सुमारे २०,८०० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यापेक्षा थोडा मोठा. लोकसंख्या एकतीस लाखांच्या आसपास. त्याला स्वतःची भाषा आहे, वेल्श. २०२१ च्या जनगणनेत ही भाषा येते असं सांगणारे सुमारे ५ लाख ३८ हजार लोक निघाले, म्हणजे शंभरात अठराही नाहीत. हा आकडा लक्षात ठेवा, शेवटी तो लागणार आहे.

आम्ही जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलं. मग थडग्यांवर बोलायला का बसलो? त्याचं कारण आमच्याच विषयातलं आहे. दुसऱ्यानं सांगितलं म्हणून आपण जे खरं मानतो, ते कशाच्या बळावर मानतो? न्यायदर्शनानं ‘शब्द’ हे स्वतंत्र प्रमाण मानलं, पण अट घातली की सांगणारा आप्त हवा. वात्स्यायनानं भाष्यात आप्त कोण ते स्पष्ट केलं. ज्याला गोष्ट स्वतः ठाऊक आहे, आणि ठाऊक असलेली गोष्ट जशी आहे तशी सांगण्याची ज्याची इच्छा आहे, तो आप्त. दोन अटी झाल्या, माहिती आणि नियत. पुढे तो म्हणतो की हे लक्षण ऋषीला, आर्याला आणि म्लेच्छाला सारखंच लागू आहे. ही तिसरी गोष्ट फार मोलाची आहे, आणि आपण ती बहुतेक वेळा विसरतो.

आता थडग्याचा दगड घ्या. तोही एक साक्षीदारच. नाव सांगतो, साल सांगतो, कधी दोन ओळी जास्त सांगतो. तो आप्त आहे का? वेल्समधले काही दगड आज आपण या कसोटीवर लावून पाहू.

सुरुवात अशा कथेनं करू जी तुम्हा सगळ्यांना पाठ आहे, फक्त ती आपली आहे हे तिथं गेल्यावर ओळखू येत नाही.

उत्तर वेल्समध्ये एरिरीच्या, म्हणजे स्नोडोनियाच्या डोंगरांत बेदगेलर्ट नावाचं गाव आहे. गावाबाहेर नदीकाठच्या कुरणात झाडाखाली एक कबर आहे, कुत्र्याची. तिथल्या शिळेवर वेल्श आणि इंग्रजी अशा दोन भाषांत हकिगत कोरली आहे. तेराव्या शतकातला थोर राजा लेवेलिन शिकारीला गेला. त्याचा आवडता कुत्रा गेलर्ट त्या दिवशी बरोबर नव्हता. राजा परत येतो तो कुत्रा रक्तानं माखलेला समोर आला. पाळणा उलटा पडलेला, बाळ दिसेना. राजानं तलवार उपसली आणि कुत्र्याला ठार केलं. तेवढ्यात बाळाचं रडणं ऐकू आलं. पाळण्याखाली बाळ सुखरूप, शेजारी मेलेला लांडगा. कुत्र्यानंच बाळाला वाचवलं होतं. राजानं त्याला इथं पुरलं, आणि ‘बेद’ म्हणजे कबर, म्हणून गावाचं नाव बेदगेलर्ट, गेलर्टची कबर.

तुम्ही आता मनात म्हणत असाल, अहो, ही तर ब्राह्मणी आणि मुंगसाची गोष्ट! अगदी बरोबर. पंचतंत्राच्या पाचव्या तंत्रातली, अविचारानं केलेल्या कृत्याची कथा. पाण्याला गेलेली आई, घरी पाळण्यातलं मूल, मुंगसानं मारलेला साप, तोंडाला लागलेलं रक्त, आणि डोक्यात घातलेली घागर. ही कथा सहाव्या शतकात पंचतंत्राबरोबर इराणात पहलवी भाषेत गेली, आठव्या शतकात ‘कलीला व दिम्ना’मधून अरबीत गेली. तिथं मुंगसाचं मुंगसासारखंच दुसरं जनावर झालं. पुढे ‘सात शहाण्यां’च्या कथामालेतून ती युरोपभर पसरली तेव्हा कुत्रा आला. ही कथामाला चौदाव्या शतकाच्या सुमाराला वेल्श भाषेतही उतरली होती. सापाचा लांडगा झाला तो डोंगराळ मुलखाला शोभेल असा.

म्हणजे कथा वेल्समध्ये जुनीच होती. पण ती याच गावात, याच झाडाखाली, याच राजाच्या नावावर कशी आली? डी. ई. जेंकिन्स नावाच्या अभ्यासकानं १८९९ मध्ये या गावावर पुस्तक लिहिलं. गावातल्या जुन्या माणसांकडून ऐकून त्यानं नोंदवलं की अठराव्या शतकाच्या अखेरीस दक्षिण वेल्समधून डेव्हिड प्रिचर्ड नावाचा माणूस इथं आला, गोट हॉटेल चालवू लागला, आणि ही कथा त्यानं गावाच्या नावाशी जोडली. गावातल्या एक-दोघांना हाताशी धरून दगडही उभे केले. प्रवासी डोंगर बघायला येऊ लागले होते. त्यांना बघायला काहीतरी हवं, आणि हॉटेलवाल्याला मुक्काम हवा. १८०० साली विल्यम स्पेन्सर या इंग्रज कवीनं या कुत्र्यावर कविता केली, मग विचारायलाच नको. गावाचं नाव बहुधा केलर्ट नावाच्या कुणा जुन्या साधूवरून पडलेलं असावं. त्या साधूला आज कुणी विचारत नाही.

आता वात्स्यायनाच्या दोन अटी लावा. या दगडामागच्या माणसाला घटना ठाऊक नव्हती, आणि जसं आहे तसं सांगण्याची इच्छाही नव्हती. दोन्ही अटींत दगड नापास. तरी वेल्समधल्या सगळ्या थडग्यांत लोकांना सर्वांत जास्त ठाऊक असलेलं थडगं कदाचित हेच असेल. आम्ही त्या हॉटेलवाल्यावर फार रागावत नाही, गोष्ट चांगली आहे आणि तिच्यातला पश्चात्ताप खरा आहे. पण एक धडा इथूनच घ्यायचा. दगड वाचताना तो कुणी उभा केला, पैसे कुणी दिले, आणि त्यातून कुणाला काय मिळालं, हे आधी विचारायचं.

आता याच्या अगदी उलट टोकाचा दगड बघू. पश्चिम किनाऱ्यावर टवुइन नावाचं छोटं गाव आहे. तिथल्या संत कादवानच्या चर्चमध्ये साधारण सात फूट उंचीचा एक चौकोनी दगडी खांब आहे. चारही बाजूंनी अक्षरं कोरलेली. काळ बहुधा नववं शतक. त्या काळात वेल्समध्येही दगडावर लिहायचं म्हणजे लॅटिनमध्ये, हा रिवाज होता. जशी आपल्याकडे बराच काळ संस्कृत. पण या दगडावर वेल्श आहे. आज उपलब्ध असलेलं वेल्श भाषेतलं सर्वांत जुनं लेखन म्हणून तो ओळखला जातो.

आणि त्यावर काय लिहिलंय? राजाचा विजय नाही, दानपत्र नाही. त्यावर बायकांची नावं आहेत. अदगनची लग्नाची बायको तेनग्रुमुइ, आणि केलेनची बायको कुन. वाचनाबद्दल तज्ज्ञांत मतभेद आहेत, पण शेवटच्या शब्दांचा बहुतेकांनी मानलेला अर्थ असा, की घाव मागे उरला आहे. बस्स. या बायका कशानं गेल्या, बाळंतपणात की तापात, ते दगड सांगत नाही. त्यांच्या नवऱ्यांनी काय केलं तेही नाही. ज्यानं कुणी हे कोरून घेतलं त्याला रिवाजाप्रमाणे लॅटिन वापरता आलं असतं. त्यानं घरात बोलायची भाषा वापरली. हा साक्षीदार फार थोडं सांगतो, पण जे सांगतो ते त्याला पुरतं ठाऊक आहे.

तिसरा जुना दगड एलिसेगचा खांब. ईशान्य वेल्समध्ये लँगोलेन गावाजवळ. नवव्या शतकात पोविस राज्याचा राजा कुंगेन यानं आपल्या पणजोबाच्या स्मरणार्थ तो उभारला. इंग्रजांकडून मुलूख परत कसा मिळवला, आपली वंशावळ रोमन सम्राटापर्यंत कशी पोचते, हे सगळं एकतीस ओळींच्या लॅटिन लेखात होतं. सतराव्या शतकातल्या यादवी युद्धाच्या धामधुमीत खांब पाडला गेला. १७७९ मध्ये उरलेला तुकडा पुन्हा उभा केला. आज त्याच्यावर हात फिरवला तर अक्षर म्हणून काही लागत नाही. मग लेख आपल्याला ठाऊक कसा? १६९६ मध्ये एडवर्ड लुइड हा विद्वान तिथं गेला. ऑक्सफर्डच्या ॲशमोलियन संग्रहालयाचा तो प्रमुख. दगड तेव्हाच झिजलेला होता. जेवढं दिसलं तेवढं त्यानं ओळीनं उतरवून घेतलं. त्याच्या कागदामुळे दगडाचं म्हणणं टिकलं. दगड अमर असतो असं आपण म्हणतो, पण इथं कागदानं दगडाला तारलं.

इथवर राजे आणि राजांच्या काळातले दगड झाले. आता आपण साध्या माणसांच्या थडग्यांकडे येऊ. साधा माणूस दगडावर येतो तो मुख्यतः अठराव्या-एकोणिसाव्या शतकात. उत्तर वेल्समध्ये पाटीच्या दगडाच्या प्रचंड खाणी निघाल्या. आपण लहानपणी ज्या पाटीवर मुळाक्षरं गिरवली, त्याच जातीचा दगड. तो सपाट निघतो, त्यावर बारीक अक्षर कोरता येतं आणि ते शे-दोनशे वर्षं तसंच राहतं. वेल्समधल्या कुठल्याही जुन्या दफनभूमीत गेलात तर ‘एर कोव्ह अम’ हे शब्द ओळीनं दिसतील. अर्थ, ‘च्या स्मरणार्थ’. आणि नावाखाली पुष्कळदा घराचं किंवा शेताचं नाव दिसेल. त्याला कारण आहे. वेल्श लोकांत पूर्वी आडनावं नव्हती, मुलाच्या नावापुढे बापाचं नाव लावत. पुढे बापाच्या नावांचीच आडनावं ठरली, जोन्स, विल्यम्स, डेव्हिस, इव्हान्स. त्यामुळे एका गावात दहा-दहा जॉन जोन्स. मग हा जॉन जोन्स कुठला? अमक्या वाडीवरचा. म्हणजे थडग्यावरचं ते घराचं नाव शोभेचं नाही, ओळख पटवणारी खूण आहे. ते घर पडलं, वाडीचं नाव बदललं, की दगडावरचा माणूस पुन्हा दहांतला एक होतो.

अशाच एका साध्या बाईचा दगड दक्षिण वेल्समध्ये आहे. नीथ शहराला लागून कॅडॉक्स्टन गाव, तिथल्या संत कॅटुगच्या चर्चचं आवार. या दगडाला लोक ‘खुनाचा दगड’ म्हणतात. मार्गारेट विल्यम्स, वय २६, कार्मार्थनशायरमधली, या गावात घरकामाला राहिलेली. १४ जुलै १८२२, रविवारची सकाळ. चर्चच्या खालच्या दलदलीत एका चरात तिचा देह सापडला. अंगावर मारहाणीच्या खुणा. खुनी सापडला नाही. गावात कुजबुज होती, ती ज्या घरी कामाला होती त्या घराकडे बोट दाखवणारी. पुरावा नव्हता. खटला उभा राहिला नाही.

१८२३ मध्ये गावानं दगड उभारला. त्याचा मजकूर एलायजा वॉरिंग या क्वेकर पंथाच्या गृहस्थानं रचला असं सांगतात. वर मोठ्या अक्षरांत ‘खून’ हा शब्द. खाली ती कोण, कुठली, कधी आणि कशी सापडली. आणि शेवटी थेट त्या खुन्याला उद्देशून इशारा, की माणसांच्या हातून आज निसटलास तरी देवानं तुझ्यावर खूण केली आहे, रक्ताची हाक तुझा पाठलाग करील. गावात असंही सांगत आले आहेत की दगडाचं तोंड मुद्दाम संशयिताच्या घराकडे केलं होतं, रोज सकाळी दार उघडलं की समोर तेच.

या दगडाचा आम्ही पुष्कळ विचार केला. सहसा थडगं म्हणजे प्रकरण संपल्याची खूण. हा दगड प्रकरण उघडं ठेवण्यासाठी उभा केला. कोर्टानं जी नोंद केली नाही ती गावानं चर्चच्या आवारात केली. आणि बघा, त्यात संशयिताचं नाव नाही. गावाला जे ठाऊक होतं, खून झाला, तेवढं लिहिलं. जे फक्त वाटत होतं ते तोंडी ठेवलं. वात्स्यायनानं याला आप्ताचा दर्जा दिला असता असं आम्हाला वाटतं. मोलकरीण होती, परगावची होती, तिच्यासाठी दगड घडवायचं कुणाचं कर्तव्य नव्हतं. तरी आज दोनशे वर्षांनी आपण तिचं नाव, वय आणि गाव सांगू शकतो.

याच भागातली दुसरी हकिगत. इथं उलट झालं. इथं कोर्टानं निकाल दिला आणि गावानं तो मानला नाही.

मर्थर टिडफिल हे त्या काळी लोखंडाचं मोठं शहर. १८३१ च्या जूनमध्ये पगारकपात आणि कर्जवसुलीच्या जप्त्या यांमुळे कामगार उठले. कासल इन या खानावळीसमोर सैन्यानं गोळ्या झाडल्या, किमान सोळा माणसं मेली. त्या गोंधळात डोनाल्ड ब्लॅक नावाच्या शिपायाच्या पायाला संगिनीची जखम झाली. तो बरा झाला. पण या जखमेबद्दल रिचर्ड लुइस नावाच्या तेवीस वर्षांच्या खाणकामगाराला फाशी झाली. लोक त्याला डिक पेंडेरिन म्हणत. खुद्द जखमी शिपायानं सांगितलं होतं की हाच तो माणूस असं मला म्हणता येत नाही. जोसेफ ट्रेगेलिस प्राइस या कारखानदारानं लंडनला जाऊन दयेसाठी खटपट केली, हजारो सह्या गोळा झाल्या. उपयोग झाला नाही. १३ ऑगस्ट १८३१ रोजी कार्डिफमध्ये त्याला फासावर चढवलं. हा अन्याय आहे, अशा अर्थाचे त्याचे शेवटचे शब्द वेल्शमधले होते. लोकांनी देह मिरवणुकीनं त्याच्या गावी, अबेरॲव्हनला नेला आणि संत मेरीच्या आवारात पुरला.

पुढे १८७४ मध्ये वर्तमानपत्रात बातमी आली. अमेरिकेत मरणपंथाला लागलेल्या एका वेल्श माणसानं धर्मोपदेशकाजवळ कबूल केलं होतं, की त्या शिपायाला आपण भोसकलं. त्रेचाळीस वर्षं उलटून गेली होती. स्मारकाचा दगड तर विसाव्या शतकात बसला. मधल्या काळात ही साक्ष कुठं होती? लोकांच्या तोंडी होती, आणि ती कोर्टाच्या कागदापेक्षा खरी निघाली.

मात्र लोकांच्या तोंडी आहे म्हणून सगळं खरं असंही नाही. माँटगोमरी गावात १८२१ मध्ये वाटमारीच्या आरोपावरून जॉन डेव्हिस नावाच्या माणसाला फाशी दिलं. तो म्हणाला, मी निर्दोष असेन तर माझ्या कबरीवर गवत उगवणार नाही. पुढे पिढ्यान् पिढ्या लोक ती उघडी जागा दाखवत आले. गवत काही साक्ष देत नाही. पण निकालाबद्दल गावाचं मन साफ नव्हतं, एवढं त्या गोष्टीवरून नक्की कळतं. आख्यायिका घटनेबद्दल खोटी असू शकते आणि तरी सांगणाऱ्यांच्या मनाबद्दल खरी असू शकते. हा भेद इतिहास वाचताना हाताशी ठेवावा.

आता समुद्रकाठी जाऊ. वायव्येला अँगलसी हे बेट आहे, त्याच्या किनाऱ्यावर मोएल्व्रे गाव. २६ ऑक्टोबर १८५९. मेलबर्नहून निघालेलं ‘रॉयल चार्टर’ हे जहाज लिव्हरपूलपासून थोड्याच अंतरावर होतं. ऑस्ट्रेलियातल्या सोन्याच्या खाणींत वर्षानुवर्षं राबून माणसं घरी परतत होती, कित्येकांनी सोनं अंगावरच बांधलेलं. भयंकर वादळात जहाज या खडकांवर फुटलं. सुमारे साडेचारशे माणसं गेली. सुमारे चाळीस वाचली, सगळे पुरुष. एकही बाई, एकही मूल वाचलं नाही.

देह वाहून येऊ लागले. जवळच्या लानाल्गो गावच्या छोट्या चर्चचे धर्मगुरू होते स्टीफन रूस ह्यूज. त्यांनी चर्च रिकामं करून देह तिथं ठेवले. कपडे, बटणं, अंगावरचं गोंदण, खिशातली चिठ्ठी, जे मिळेल त्यावरून ओळख पटवायची. घरच्या बायकाही या कामात होत्या. साधारण १४० माणसं त्यांनी आपल्या आवारात पुरली. आणि नातेवाइकांची पत्रं यायला लागली. माझा मुलगा उंच होता, माझ्या भावाच्या हातावर अमुक खूण होती, तो सापडला का? ह्यूज यांनी हजाराहून जास्त पत्रांना हातानं उत्तरं लिहिली. वर्षअखेरीला चार्ल्स डिकन्स हे सगळं पाहायला मुद्दाम आला आणि त्यानं त्यावर लिहिलं, म्हणून हा तपशील आपल्याला मिळतो. ह्यूज १८६२ मध्ये वारले, पन्नाशीही झाली नव्हती. तेही त्याच आवारात आहेत.

या वादळानंतर ब्रिटनमध्ये ॲडमिरल फिट्झरॉय यांच्या पुढाकारानं वादळाचे इशारे देण्याची व्यवस्था सुरू झाली, ते शाळेच्या पुस्तकातही सापडेल. किनाऱ्यावरच्या लोकांना प्रेतांवरचं सोनं मिळालं असेल, अशी कुजबुजही पुष्कळ दिवस चालली. पण ज्या थडग्यांवर नाव नाही त्या प्रत्येक थडग्यामागे कुणीतरी त्या माणसाचं वर्णन लिहून ठेवलं होतं, ही गोष्ट सोन्याच्या गोष्टीखाली झाकली जाते. लुइडनं जे एका राजाच्या लेखासाठी केलं, ते ह्यूज यांनी अनोळखी प्रेतांसाठी केलं.

आता शेवटचा टप्पा, आणि सर्वांत जड. कोळसा.

दक्षिण वेल्सच्या खोऱ्यात सेंगेनिद गाव. १४ ऑक्टोबर १९१३, सकाळी आठनंतर युनिव्हर्सल खाणीत स्फोट झाला. ४३९ खाणकामगार आणि त्यांना वाचवायला उतरलेला एक, असे ४४० जीव गेले. ब्रिटनच्या इतिहासातली ही सर्वांत मोठी खाणदुर्घटना. याच खाणीत १९०१ मध्ये स्फोट होऊन ८१ जण गेले होते, म्हणजे धोका माहीत नव्हता असं म्हणायला जागा नाही. खाणीतल्या वाऱ्याचा प्रवाह उलटा फिरवण्याची सोय करा, असं १९११ च्या कायद्यात होतं. मुदत होऊन गेली तरी ते काम पुरं झालं नव्हतं. खटला झाला. व्यवस्थापकाला २४ पौंड दंड, आणि अपिलानंतर कंपनीला १० पौंड. व्यवस्थापकाच्या दंडाचा हिशेब तेव्हाच लोकांनी मांडला, दर माणशी सव्वा शिलिंगही पडत नाही.

डोंगरावरच्या एग्लुइसिलानच्या आवारात आणि आसपासच्या दफनभूमींत ही माणसं पुरली. एकाच घरातले बापलेक, भाऊभाऊ. दगडावर तारीख एकच, १४ ऑक्टोबर १९१३. त्या तारखेखाली चोवीस पौंड लिहिलेले नसतात. पाहणाऱ्याला वाटतं, दैव. ‘अपघात’ या शब्दात पुष्कळ काही पुरता येतं. शंभर वर्षांनी, १४ ऑक्टोबर २०१३ रोजी, इथं वेल्सचं राष्ट्रीय खाण-स्मारक उघडलं आणि इतर दुर्घटनांचीही नोंद तिथं झाली.

मृत्यूचं कारण काय लिहायचं, यावर उघड वाद झाला तो अबरवानला. २१ ऑक्टोबर १९६६ रोजी कोळशाच्या खाणीतला टाकाऊ मातीचा डोंगर पावसानं घसरून शाळेवर आला. ११६ मुलं आणि २८ मोठी माणसं गेली. मृत्यूच्या चौकशीत मुलांची नावं आणि कारणं वाचली जात होती, गुदमरून, जखमांमुळे, असं. एक बाप उठून म्हणाला, नाही साहेब, राष्ट्रीय कोळसा मंडळानं जिवंत पुरलं, असं लिहा. शोकात बोलला, असं म्हणून ते सोडून देता आलं असतं. पण पुढच्या वर्षी न्यायाधीशांच्या चौकशी अहवालानं दोष त्याच मंडळावर ठेवला. तो बाप बरोबर होता. इतकंच नव्हे, उरलेले ढिगारे हलवण्यासाठी लोकांनी वर्गणी दिलेल्या मदतनिधीतून दीड लाख पौंड घेतले गेले, आणि ते परत मिळाले १९९७ मध्ये. आज त्या डोंगरउतारावर मुलांच्या कबरींवर पांढऱ्या कमानींची रांग आहे. सुंदर आहे. पण कारण तिथंही गावालाच सांगावं लागतं.

वात्स्यायनाचं ते तिसरं वाक्य आठवा. लक्षण सगळ्यांना सारखं. शहाणा कोण, पदवीवाला कोण, हे बघायचं नाही. ज्याला ठाऊक आहे आणि जो जसंच्या तसं सांगतो तो आप्त. त्या चौकशीच्या खोलीत तो खाण-गावातला बाप आप्त होता.

आता तो भाषेचा आकडा. १९६५ मध्ये उत्तरेकडचं कापेल केलिन हे गाव लिव्हरपूलच्या पाण्यासाठी बांधलेल्या धरणाखाली गेलं. घरं, शाळा, पोस्ट, प्रार्थनामंदिर आणि त्याची दफनभूमी. वेल्समधल्या खासदारांचा पाठिंबा नसताना संसदेनं कायदा केला. लिव्हरपूलनं २००५ मध्ये माफी मागितली. गाव बुडणं म्हणजे काय, हे कोयना-उजनीकाठच्या माणसाला वेगळं सांगायला नको. पण तिथं एक गोष्ट आणखी होती. गाव जवळजवळ सगळं वेल्श बोलणारं होतं. तिथली माणसं विखुरली, म्हणजे कोण कुठल्या वाडीवरचा हे सांगणारी भाषाच विखुरली.

धरण नसलेल्या गावांतही हेच सावकाश घडलं. दक्षिणेकडच्या खोऱ्यांत एकाच घराण्याचे दगड ओळीनं वाचत गेलं तर आजोबांचा दगड वेल्शमध्ये, नातवाचा इंग्रजीत, असं पुष्कळदा दिसतं. नातवाच्या नातवाला आजोबांच्या दगडावरची ओळ वाचता येत नाही. अक्षर शाबूत, दगड शाबूत, पण साक्षीदार मुका. झिजलेल्या दगडापेक्षा हे वाईट, कारण इथं काही हरवलंय हे दिसतच नाही.

मग निष्कर्ष काय? दगडावर आंधळा विश्वास नको, बेदगेलर्ट आहे. गावगप्पांवरही नको, माँटगोमरीचं गवत आहे. प्रत्येक साक्षीदाराला तेच दोन प्रश्न विचारायचे, तुला ठाऊक आहे का, आणि तू जसंच्या तसं सांगतोयस का. आणि मग एक कर्तव्य उरतं. थडग्यावर नाव आणि तारीख मावते, कारण सहसा मावत नाही. कारण माणसांच्या तोंडी असतं, आणि माणसं जातात. त्यांच्या जाण्याआधी कुणीतरी विचारून लिहून ठेवावं लागतं. लुइड आणि ह्यूज यांनी ते केलं. कॅडॉक्स्टनच्या गावकऱ्यांनी तर दगडावरच केलं. त्यासाठी इतिहासाची पदवी लागत नाही. वही लागते, आणि म्हाताऱ्या माणसाजवळ बसायला वेळ लागतो. ऐकणाऱ्यांपैकी ज्यांच्या घरात अशी माणसं अजून आहेत, त्यांनी या आठवड्यात एक संध्याकाळ काढावी, एवढी आमची विनंती.

आज इथंच थांबू.